घरभेटींचं वेळापत्रक सिव्हीसीआरएममध्ये: थकलेल्या भेटींची यादी वाढतच चालली आहे

समन्वयक_घरभेट

नमस्कार मंडळी. पॅलिएटिव्ह केअरच्या (गंभीर आजारातल्या रुग्णांचा त्रास कमी करणाऱ्या सेवेच्या) घरभेटी लावण्यासाठी वर्डप्रेसवर सिव्हीसीआरएम (संस्थांसाठीचं संपर्क-नोंदीचं सॉफ्टवेअर) बसवलं आहे, त्यातला प्रत्येक रुग्णाची केस ठेवणारा भाग, सिव्हीकेस, चालू केलं आहे. एकूण 64 रुग्ण, एक गाडी, दोन सिस्टर, एक सामाजिक कार्यकर्ती. डॉक्टर फक्त गुरुवारी. गाडी सोमवार ते गुरुवार फिरते, दिवसाला 6 घरं होतात. शुक्रवार साठा आणि बैठकीचा. 'अ' गटाचे 8 रुग्ण दर आठवड्याला, 'ब'चे 16 पंधरा दिवसांनी, 'क'चे 40 चार आठवड्यांनी.

केस टाइपच्या टाइमलाइनमध्ये (केस उघडली की आपोआप लागणाऱ्या कामांच्या यादीत) सहा महिन्यांच्या सगळ्या भेटी आधीच टाकल्या आहेत. अडचणी तीन. एक भेट पुढे ढकलली तर पुढच्या सरकत नाहीत, त्यामुळे डॅशबोर्ड लाल झाला आहे. एक सिस्टर काम सोडून गेल्या, पण भेटी अजून त्यांच्याच नावावर दिसतात. आणि आदल्या दिवशीची आठवण कोणालाच जात नाही. कुठे चुकतंय?

केसफाइल

टाइमलाइनचा वापर चुकला आहे. केस उघडताना टाइमलाइन एकदाच चालते. 'ओपन केस'पासून 14, 28, 42 दिवस असं लिहिलं असेल तर त्या तारखा त्याच क्षणी पक्क्या होतात. नंतर एखादी भेट सरकवली तरी बाकीच्यांना त्याचा पत्ता नसतो. केस टाइप बदलला तरी जुन्या केसमधल्या तारखा तशाच राहतात.

टाइमलाइनमध्ये सुरुवातीचीच कामं ठेवा: पहिली भेट, कुटुंबाशी बोलणं, संमतीपत्र, पहिल्या भेटीनंतर तीन दिवसांनी फोन. त्यापुढे एका रुग्णाची एका वेळी एकच भेट 'शेड्यूल्ड' असावी. सिस्टर आजची भेट 'कम्प्लीटेड' करतात त्याच फॉर्मच्या खाली 'शेड्यूल फॉलो-अप' हा भाग आहे. तिथेच पुढची तारीख आणि नाव भरायचं. आजच्या भेटीतून पुढची तारीख निघाली नसेल तर भेट पूर्ण धरायची नाही, असा नियम टीममध्ये करून टाका.

भेट झालीच नाही तर तारीख गुपचूप पुढे ढकलू नका. ती 'कॅन्सल्ड' करा किंवा घरी कोणी नसेल तर 'नो-शो', आणि नवी भेट लावा. अॅक्टिव्हिटीला (म्हणजे भेटीच्या नोंदीला) एक कस्टम फील्ड जोडा, 'न होण्याचं कारण': रुग्ण दवाखान्यात, घर बंद, रस्ता बंद, गाडी नाही, वेळ संपली. तारीख नुसती ढकलत गेलात तर सहा महिन्यांनी कारणं शोधून सापडणार नाहीत.

सिस्टर बदलल्याचं म्हणाल तर, टाइमलाइनमध्ये 'डीफॉल्ट असाइनी' (भेट आपोआप ज्याच्या नावावर लागते तो) रुग्णाशी असलेल्या नात्यावरून घेता येतो, पण तोही भेट तयार होतानाच ठरतो. पुढे केसमधली भूमिका बदलली तरी आधीच तयार झालेल्या भेटींवर जुनंच नाव राहतं. एकच भेट जिवंत ठेवलीत तर त्या सिस्टरच्या नावावर फार तर तीसेक नोंदी बदलाव्या लागतील, शेकडो नाही. जमल्यास 'टीम 1' असा संपर्कच तयार करा आणि भेट त्याच्या नावावर लावा. आठवण टीमच्या मोबाइलवर जाते आणि माणूस बदलला तरी काही अडत नाही.

आठवण न जाण्याचं कारण बहुतेक क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय. 'सेंड शेड्यूल्ड रिमाइंडर्स' हा जॉब चालू आहे ना, ते शेड्यूल्ड जॉब्सच्या पानावर पाहा. तिथेच तो शेवटचा कधी चालला ती वेळ दिसते. वर्डप्रेसचा स्वतःचा क्रॉन कोणी साइट उघडली तरच हलतो, त्याच्या भरवशावर राहू नका. सर्व्हरच्या क्रॉनमध्ये दर 15 मिनिटांनी सिव्हीचे जॉब चालवणारी ओळ घाला. वर्डप्रेसचा वेळ-विभाग कोलकाता ठेवा, नाहीतर साडेपाच तासांचा फरक पडतो. एसएमएस पाठवणार असाल तर मजकुराचा नमुना डीएलटीवर (संस्थांच्या एसएमएसच्या नोंदणी-यंत्रणेवर) नोंदवलेला हवा, नसेल तर संदेश अडतो. नमुन्यातला एक शब्द बदलला तरीही अडतो.

हिशेबनीस

तुमच्या आकड्यांतच एक गोम आहे. आठवड्याला 'अ'च्या 8, 'ब'च्या 8, 'क'च्या 10, म्हणजे 26 भेटी. गाडी करते 6 गुणिले 4, म्हणजे 24. अचानक वेदना वाढलेल्या रुग्णासाठी एकही जागा न ठेवता दर आठवड्याला 2 भेटी मागे पडतात. डॅशबोर्ड लाल होणारच, सॉफ्टवेअर कोणतंही घ्या.

'क' गटाची एक भेट घरी आणि एक फोनवर करा. मग 40 रुग्णांच्या घरभेटी आठ आठवड्यांत विभागल्या जातात, आठवड्याला 5. एकूण 21 झाल्या, तातडीसाठी 3 जागा उरल्या. फोन-भेटीसाठी अॅक्टिव्हिटीचा वेगळा प्रकार ठेवा, नाहीतर महिन्याच्या अहवालात फोनही घरभेट म्हणून मोजला जाईल. 65वा रुग्ण 'अ'मध्ये घेतला की राखीव जागा दोनच उरतात, हे त्याच बैठकीत बोललं गेलं पाहिजे.

केसवर 'मार्ग' आणि 'गावचा बाजारवार' ही दोन फील्डं ठेवा. बाजाराच्या दिवशी काळजी घेणारी व्यक्ती घरी नसते, फेरी वाया जाते. मग सर्चकिटमध्ये (सिव्हीचं याद्या काढायचं साधन) घरभेट, 'शेड्यूल्ड', येते 7 दिवस, मार्गानुसार गट आणि मोजणी अशी यादी करा. सोमवारच्या मार्गावर 9 आणि बुधवारच्या मार्गावर 3 दिसले तर शुक्रवारच्या बैठकीतच हलवता येतात.

सिस्टर_सविस्तर

अ-ब-क गट ठीक आहेत, पण भेटीची तारीख गटावरून ठरवणं धोक्याचं. घरातलं काय कधी संपणार आहे, त्यावरून तारीख ठरते.

मॉर्फिनचं उदाहरण घ्या. 10 मिलिग्रॅमची साधी गोळी दर चार तासांनी, म्हणजे दिवसाला 6. पंधरवड्यासाठी 84 गोळ्या दिल्या आणि रुग्ण 'ब'मध्ये, म्हणून पुढची भेट 14 दिवसांनी लावली. कागदावर बरोबर दिसतं. पण दोन डोसांच्या मध्ये उठणाऱ्या वेदनेसाठी रोज दोन गोळ्या जास्त लागल्या तर दिवसाला 8 होतात आणि 84 गोळ्या साडेदहा दिवसांतच संपतात. उरलेले तीन-साडेतीन दिवस तो माणूस औषधाविना तळमळतो, आणि आपल्या पडद्यावर सगळं हिरवं असतं.

म्हणून भेटीच्या फॉर्ममध्ये तीन आकडे सक्तीचे करा: घरात शिल्लक गोळ्या, आज दिलेल्या, आणि गेल्या तीन दिवसांत खरोखर घेतलेल्यांची रोजची सरासरी. पहिल्या दोघांच्या बेरजेला तिसऱ्याने भागायचं, अपूर्णांक सोडायचा, त्यातून 3 दिवस वजा. वरच्या रुग्णाकडे शिल्लक काही नसेल तर उत्तर 7 येतं. गाडीच पाठवायची असं नाही, सातव्या दिवशी फोन तरी हवाच. जास्तीच्या गोळ्या रोज लागत असतील तर डोस बदलायचा का, हे डॉक्टरांना विचारायचं, त्यामुळे ती भेट गुरुवारी लावा. मॉर्फिनची साठा-नोंदवही मात्र वेगळी चालूच राहिली पाहिजे, सॉफ्टवेअरमधला आकडा तिच्या जागी चालत नाही.

लघवीच्या नळीचंही तसंच. 'नळी बदलली' एवढंच न लिहिता प्रकार लिहा. सिलिकॉनची 12 आठवड्यांपर्यंत चालते, साधी लेटेक्सची त्याच्या बरीच आधी बदलावी लागते. पाकिटावरची मर्यादा पाहून शेवटची तारीख वेगळ्या फील्डमध्ये टाका आणि त्यावर स्वतंत्र आठवण लावा.

समन्वयक_घरभेट

आकडे पाहून डोळे उघडले, मनापासून आभार. आणखी दोन गोष्टी. वरच्या 11 गावांत नेटवर्क नाही, तिथे काय करायचं? आणि रुग्ण गेल्यावर केस बंद केली तरी भेट यादीत राहते.

केसफाइल

दुसरी गोष्ट आधी, कारण ती जास्त दुखावणारी आहे. केस बंद केल्याने 'शेड्यूल्ड' भेट रद्द होईल असं धरून चालू नका. संपर्कावर 'डिसीज्ड' खूण केली तरी सिस्टरला जाणारी आठवण त्याने थांबत नाही. मग गुरुवारी कोणीतरी फोन लावून विचारतं, "आजींना आता कसं वाटतंय?" म्हणून क्रम पाळा: निधनाची बातमी ज्याला कळली त्याने त्याच दिवशी उरलेल्या भेटी आणि फोन 'कॅन्सल्ड' करायचे, मग 'डिसीज्ड', मग केस बंद. शिवाय सर्चकिटमध्ये 'निधन झालेले, पण शेड्यूल्ड भेट शिल्लक' अशी यादी करून रोज सकाळी पाहा. ती रिकामीच दिसली पाहिजे. कुटुंबाला भेटायला तेराव्यानंतरच्या आठवड्यात जायचं असतं. ती नोंद काळजी घेणाऱ्या व्यक्तीच्या नावावर, वेगळ्या प्रकाराने करा.

नेटवर्कचं म्हणाल तर सिव्ही ब्राउझरमध्ये चालतं, डोंगरात ते उघडणार नाही. 11 गावांपुरता छापील दिवसपट द्या आणि संध्याकाळी कार्यालयात भरा. दिवसपटावर आजाराचं नाव नको, केस क्रमांक, आद्याक्षरं आणि करायचं काम एवढंच. तो कागद गाडीत राहतो, हॉटेलच्या टेबलावर राहतो. व्हॉट्सअॅप गटावर यादीचा फोटो टाकणंही बंद करा.

हिशेबनीस

नेटवर्क नसलेली गावं वाढणार असतील तर अवनी हे सॉफ्टवेअर पाहा. मुक्त स्रोत आहे, अँड्रॉइडवर ऑफलाइन चालतं, नेटवर्क आलं की सिंक होतं. त्यात प्रत्येक भेटीला 'या तारखेपासून' आणि 'या तारखेपर्यंत' अशा दोन तारखा असतात. दुसरी उलटली की भेट थकीत दिसते. सिस्टरताईंचं गोळ्यांचं गणित पुढच्या भेटीच्या नियमात बसवता येतं, पण तो नियम जावास्क्रिप्टमध्ये लिहावा लागतो, तेवढ्यापुरता जाणकार माणूस हवा. कोबोवर (माहिती गोळा करायचं दुसरं सॉफ्टवेअर) फॉर्म छान भरले जातात, पण पुढची भेट लावणं हे त्याचं काम नाही.

अवनी घेतलंत तर 64च्या 64 रुग्णांच्या भेटी तिकडे न्या आणि सिव्ही देणगीदारांपुरतं ठेवा. काही रुग्ण इकडे आणि त्या गावांतले तिकडे केले तर शुक्रवारी गाडीचा हिशेब लावायला दोन याद्या समोर येतील, आणि एक तरी रुग्ण दोन्हींतून निसटेल.