अनुभव धागा: समुपदेशनाला पहिल्यांदा गेलात तेव्हा तिथे काय झालं?

सातारारोडची_आई
काल दिवाळीची आवराआवर काढली आणि लेकीच्या कपाटात अगदी तळाशी मातीचा चष्मा सापडला. एक काडी तुटलेली. बारा वर्षं झाली, ती तेव्हा दुसरीत होती. आबा गेल्यावर रोज शाळेच्या वेळेला पोटात दुखायचं, रात्री झोपायला घाबरायची, सोनोग्राफीपर्यंत सगळं केलं, सगळं नॉर्मल. शेवटी मुलांच्या डॉक्टरांनीच समुपदेशनाला पाठवलं. मला वाटलेलं टेबलापलीकडून प्रश्न विचारतील, तर तिथे सतरंजी, बाहुल्या, खडू, माती. पहिल्या दिवशी आमच्याकडून सगळी माहिती घेतली, अगदी जन्मापासूनची, आणि मग दोन वेळा ताई नुसत्या तिच्याबरोबर खाली बसून खेळल्या. माझा जीव वर-खाली, की कधी बोलणार ह्या. तिसऱ्या वेळी हिने चष्मा केला आणि विचारलं, "आबांचा चष्मा पण जाळला का?" मग हळूच, "मी झोपले तर मी पण जाईन ना?"
आम्हीच सांगितलं होतं तिला, आबा झोपेत देवाघरी गेले!! ताईंनी मला आणि ह्यांना वेगळं बसवून समजावलं की लहान मुलांना 'झोपले', 'गावाला गेले' असं सांगू नका, ती शब्दशः घेतात. शरीर बंद पडलं, आबा आता परत येणार नाहीत, असं सरळ सांगा. सांगितलं. खूप रडली, पण त्या रात्री माझा हात न धरता झोपली.
माझी जाऊ तिच्या मुलाला न्यायचं म्हणतेय आणि तिथे नेमकं करतात काय ते विचारतेय. लिहा ना तुमचे अनुभव, कुठल्याही वयाचे.

मृण्मयी_२१
वाचून डोळे भरले ताई. लेकरं मनात काय काय धरून बसतात

कर्वेनगर_काकू
माझा मुलगा अकरावीत. पहिली दहा मिनिटं दोघांना एकत्र बसवलं आणि मग मला बाहेर!! फार राग आला होता, खरंच. त्याआधी त्याच्यासमोरच सांगितलं होतं की तो बोलेल ते आमच्यातच राहील, जिवाला धोका वाटला, त्याच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या, तरच आईबाबांना सांगणार. आता कळतं ते वाक्य त्याच्यासाठी होतं. घरी आल्यावर 'काय विचारलं' म्हणून मागे लागू नका हेही बजावलं. चार आठवडे मी दाताखाली जीभ धरून बसले, फोडणी करताना सुद्धा डोक्यात तेच. मग एकदा गाडीवर मागे बसलेला असताना नळ स्टॉपच्या सिग्नलला आपणहून म्हणाला, आई मला क्लास बदलायचाय, तिथे मार्कांप्रमाणे बाकं लावतात. एवढंच. समोरासमोर कधी बोलला नसता तो.

पेठेतला_पार्थ
काकू कुठला क्लास हो? माझ्या भाच्याला घालायचाय यंदा

कर्वेनगर_काकू
@पार्थ इथे नको रे, मेसेज करते. कुकर लावलाय

हिंजवडीकर
वय ३४. कंपनीकडून काही सेशन फुकट होती म्हणून घेतली, ऑनलाइन, पार्किंगमध्ये गाडीत बसून. छातीत धडधड व्हायची, ईसीजी वगैरे नॉर्मल. मला वाटलं सल्ला मिळेल, तर पाऊण तास मीच बोललो. नंतर वहीचं काम दिलं, धडधड झाली की काय घडलं, त्या क्षणी मनात काय आलं, ते लिहायचं. पंधरा दिवसांनी वही चाळली तर दर वेळी एकच वाक्य, 'आता मला काढून टाकणार'. हे सगळं दुसऱ्या समुपदेशकाकडे हां, पहिल्यांशी सूर जुळला नाही, बदलले. त्यात काही चूक नाही, प्लीज एकाच अनुभवावरून सोडून देऊ नका. पुढे त्यांनीच सायकियाट्रिस्टकडे पाठवलं कारण गोळ्या समुपदेशक देत नाहीत. गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे गेले, आणि बरं वाटलं म्हणून मनानेच बंद करायच्या नाहीत, डॉक्टर हळूहळू कमी करतात.

बाळंतीण२०२३
बाळ झोपलंय तोवर लिहिते. दीड महिन्याची बाळंतीण होते, डिंकाचे लाडू समोर आणि मी रडतेय. सासूबाईच म्हणाल्या चल, मी येते. तिथे दहा प्रश्नांचा कागद भरून घेतात, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं त्याचा. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करावीशी वाटली का, असा. तिथे माझं पेन थांबलं. त्यांनी पाहिलं आणि सरळ विचारलं, आवाज न बदलता. मी हो म्हणाले. पहिल्यांदाच कुणालातरी. त्या दिवसापासून रात्रीचं एक दूध पाजणं सासऱ्यांनी वाटीचमच्याने घेतलं, ही घरात दिलेली

बाळंतीण२०२३
उठलं बाळ, नंतर लिहिते

शुभदा_बी
किती गोड सासूसासरे गं! दृष्ट काढ त्यांची

पर्वती_पायथा
मी ७१. सौ. गेल्यावर मुलाने पाठवले. म्हातारपणी कसले समुपदेशन, असे मी म्हणालो होतो. आधी थायरॉईड आणि बी १२ तपासून घेतले, कारण आमच्या वयात उदासी आणि विसराळूपणा त्यानेही येतो. गेली २६ वर्षे आम्ही दोघे रोज पर्वती चढायचो. त्या बाई म्हणाल्या, काका चढू नका, फक्त पहिल्या पायरीपर्यंत जाऊन या आणि आल्यावर कसे वाटले ते दहापैकी आकड्यात लिहा. पहिल्या दिवशी शून्य लिहिले. सध्या चाळीस पायऱ्या होतात.

मृण्मयी_२१
काका मी तळजाईला येते रोज, एखाद्या रविवारी पर्वतीला येऊ का सोबत?

पर्वती_पायथा
अवश्य ये बाळ. सहाला.

निनाद_येरवडा
फी परवडत नसेल त्यांचं काय? माझ्या मित्रासाठी विचारतोय, गाडी चालवतो, रात्रपाळी

हिंजवडीकर
ससूनला मनोविकार ओपीडी आहे. आणि १४४१६ लाव, टेली-मानस, सरकारी आणि फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. रात्रपाळीवाल्याला तेच बरं. आज जास्त वाटत असेल तर आजच लावून दे, तू शेजारी बस.

निनाद_येरवडा
लावतो आता. थँक्यू दादा

सातारारोडची_आई
सगळ्यांना मनापासून धन्यवाद, जावेला हे सगळं पाठवलं. निनाद, काय झालं ते कळव रे, मी जागी आहे. लेक आत्ता कॉलेजातून आली, चष्मा बघितला आणि फेविक्विक शोधतेय.