डाळिंब मोबाईलवर पिकत नाही

सांगोल्याचा माळ: काल इथं एकानं लिहिलं, "कृषी विद्यापीठाचे विस्तारवाले, म्हणजे शेतकऱ्याला सल्ला द्यायला नेमलेली माणसं, मेळाव्यात फोटो काढून जातात. मोबाईलवर सगळं कळतं, यांना पोसायचं कशाला?" वाचून रात्री झोप लागली नाही. माझ्या डाळिंबाच्या बागेत तेल्या रोग आला तेव्हा मीही मोबाईलच बघत होतो. एक म्हणतो हे मारा, दुसरा म्हणतो ते. शेवटी केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात गेलो. तिथं औषधाआधी विचारलं, "कात्री एका झाडावरून दुसऱ्या झाडाला तशीच लावता का?" तशीच लावत होतो की ओ! तेल्याचा जिवाणू कात्रीवरून, पावसाच्या शिंतोड्यांतून पसरतो. आता दर झाडाला कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडते आणि छाटणी झाली की 1 टक्का बोर्डोची, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाची, फवारणी. बाग टिकली.

भीमाकाठ: ती पोस्ट माझी. तुमच्याकडं गाडी होती, तुम्ही गेलात. आमच्या गावच्या मेळाव्यात दीड तास भाषणं, मातीवर दहा मिनिटं. माती परीक्षणाचा अहवाल पेरणी उरकल्यावर हातात पडला. त्याचं काय करू?

मोहोळची सून: मालदांडी 35-1 ही ज्वारी मोहोळच्याच संशोधन केंद्रात निवडलेली, ती खाताना विस्तार आठवत नाही का? पण माझा राग वेगळाय. सातबारा नवऱ्याच्या नावावर, म्हणून मेळाव्याच्या यादीत नाव त्याचं, मेसेज त्याला. तेल्याची फळं वेचून जाळायला मात्र आम्ही. रोगट फळ धरलेला हात मी तीन वर्षं तसाच चांगल्या झाडाला लावला. कुणी सांगितलं नाही.

भीमाकाठ: विषय भरकटवू नका. बायका येतात का मेळाव्याला?

मोहोळची सून: सकाळी अकराला खुरपणी टाकून कोण येईल? भादव्यात आमच्या वस्तीवर एक ताई आल्या. ओट्यावर बसून परातीत किलोभर ज्वारीचं बियाणं घेतलं, 4 ग्रॅम गंधक टाकून हातानं चोळून दाखवलं, कणसावर काणी रोग येऊ नये म्हणून. शेजारच्या म्हातारीनं स्वतः चोळून बघितलं. दुपारी तीनची वेळ होती, अकरा बायका होत्या. आता बोला!

सांगोल्याचा माळ: ताई, खरंय. कात्रीचं मी छाटणीच्या टोळीला सांगितलं, घरात सांगितलं नाही.

भीमाकाठ: वस्तीवर येणारा माणूस असेल तर पोसा, माझी ना नाही. पण मंडपावर पैसा नको, आणि अहवाल पेरणीआधीच हवा. यावरून मी हटणार नाही.

मोहोळची सून: हटू नका. फक्त पुढच्या वेळी यादीत घरच्या बाईचाही नंबर लिहून द्या.