अनुभव धागा: परदेशातल्या रांचवर सहकुटुंब चार दिवस, निवड कशी करायची?

गुहागरी_सुपारी
माळा आवरताना ट्रंकेत अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या एका रांचने (रांच म्हणजे गुरं-घोडे पाळायचं मोठं शेत) पाठवलेली 'सोबत काय आणावे' ही जुनी यादी सापडली, म्हणून धागा काढतोय. ज्यांना माहिती आहे त्यांनी लिहा. 'आम्ही गेलो तेव्हा' नको, काय विचारायचं आणि काय फसतं ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात. मे महिन्यात आपल्याकडे लोक 'आंबे उतरवायला' येतात, झेल्यासोबत फोटो काढतात आणि जातात. तिकडे ते पाहुणे आपण असतो. पाहुण्यांसाठी घोडे पाळणारी ती ड्यूड रांच. गुरांवर पोट असलेली आणि जोडीला चार खोल्या देणारी ती वर्किंग रांच. नावावरून काही कळत नाही, दोघीही 'वर्किंग' लावतात. मेलमध्ये एवढंच विचारा: गुरं किती, तुमची की दुसऱ्याची, आणि आम्ही येऊ त्या आठवड्यात त्यांचं कोणतं काम चालू असेल? उत्तरात कामाचं नाव आणि तारीख आली तर पुढे बोला. 'अस्सल काउबॉय वातावरण' आलं तर ती फोटोवाली.

वायोमिंग-मोंटानाकडे कामाचा क्रम साधारण असा: फेब्रुवारी ते एप्रिल वासरं जन्मतात. मे-जूनमध्ये वासरांना डाग देणं, लसी, मग कळप डोंगरावरच्या चराईला नेणं. जुलै-ऑगस्ट गवताची कापणी, म्हणजे ट्रॅक्टरचं काम, घोड्यांना फारसं काही नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरला कळप खाली आणतात, वासरं आईपासून तोडतात. आपल्या पोरांच्या सुट्टीत बसतो तो जूनचा पहिला आठवडा, मेच्या सुरुवातीला बऱ्याच जणांकडे पाहुण्यांच्या खोल्या बंदच असतात. दिवाळीत उत्तरेला बर्फ. तेव्हा ॲरिझोना बघा, तिथला हंगाम हिवाळ्यातच असतो.

सोलकढी_फॅन
'चार दिवस' हा शब्द फसवा आहे. पहिल्या दुपारी पोचणं, कागदांवर सह्या, घोडा ठरवणं. शेवटच्या दिवशी नाश्ता करून निघायचं. ३ रात्रींत हातात पूर्ण दिवस २. त्यातला पहिला सवय होण्यात जातो. गुरांचं काम बघायचं असेल तर ४ रात्रींखाली जाऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये बरेच जण रविवार ते शनिवार असा आख्खा आठवडाच विकतात, कमी रात्री मे-अखेर किंवा सप्टेंबरात मिळतात.

मालवणी_खाजा
ता सगळा ठीक, पण थंय माशे गावतत काय? चार दिस नुसता बीफ नि बटाटो बघीत रवाचा?

सोलकढी_फॅन
ओढ्यात ट्राउट असतो. पण राज्याचा मासेमारीचा परवाना लागतो, खासगी जागेत असलात तरी. आणि बऱ्याच ठिकाणी धरून परत सोडायचा असतो.

मालवणी_खाजा
धरूचो नि सोडूचो? मगे गरी टाकूची कित्याक!

रेवदंडा_ते_अमेरिका
😄 पोरांचं लिहिते, दुधावर लक्ष आहे म्हणून पटकन. बऱ्याच ठिकाणी ६-७ वर्षांखालच्या मुलांना घोड्यावरून रानात नेत नाहीत, कुंपणात फेरी मारून आणतात. प्रत्यक्ष गुरं हाकायला वयाची अट आणखी वर, कारण वासरू उलटं फिरलं की घोडाही झटक्यात फिरतो आणि पोर पडतं. ड्यूड रांचवर मुलांचा वेगळा कार्यक्रम असतो, वर्किंगवर बहुधा नसतो. म्हणजे ५ वर्षांचं पोर असेल तर आईबाबांपैकी एक जण रोज खोलीत. हे आधी ठरवा, तिथे जाऊन भांडू नका.

वजनाची मर्यादाही असते, बहुधा २२५ ते २५० पौंड, म्हणजे १०२ ते ११३ किलो. जी रांच वजन, उंची, अनुभव काहीच आधी विचारत नाही ती टाळा. घोडा कशावरून जुळवणार?

कातळावरचा_घोडेस्वार
खोगिराबद्दल कोणीच लिहीना, म्हणून. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, पहिल्यांदा आवळतात तेव्हा बरेच घोडे पोट फुगवून उभे राहतात. दहा मिनिटं चालवला की श्वास सुटतो, तंग सैल पडतो, आणि तुम्ही रिकिबीत पाय देऊन चढायला गेलात की खोगीर फिरून पोटाखाली. म्हणून चढायच्या आधी पुन्हा आवळून घ्यायचा. तंगाखाली दोन बोटं जेमतेम जावीत. डावीकडून चढा. रिकिबीत उभं राहिल्यावर बूड आणि खोगीर यांत मूठभर अंतर हवं. मुलांच्या रिकिबी स्वतः बघा, गडबडीत लांबच राहतात.

बुटाला इंचभर टाच पाहिजेच. स्पोर्ट्स शूज रिकिबीतून आरपार जातो, पाय अडकतो, पडलात तर घोडा फरफटत नेतो. आणि कपाटात चार पावसाळे पडून असलेले बूट नेऊ नका हो! आपल्या दमट हवेत पॉलियुरेथेनचा तळ आतून कुजतो. दिसायला नवा कोरा, पहिल्याच दिवशी भुगा. निघण्याआधी घरात आठवडाभर घाला, कळेल.

वेंगुर्ल्याची_काजूगर
कपाटातल्या बुटांवर बुरशी येते त्याला काय करावं? कडुनिंबाचा पाला ठेवून झाला.

कातळावरचा_घोडेस्वार
आत कागद कोंबा, दर आठवड्याला बदला. पण बुटांना गोठ्याची माती असेल तर बुरशीपेक्षा ते महत्त्वाचं.

गोठ्यातला_इंजिनिअर
हेच लिहायला आलो. ज्यांच्या घरी गुरं आहेत त्यांनी नीट वाचा. लाळ्या-खुरकुताचा रोग आपल्याकडे आहे, अमेरिकेत १९२९ नंतर नाही. म्हणून विमानतळावर विचारतात, शेतावर किंवा गुरांजवळ होता का? खरं सांगा. खरं सांगितलं तर फार तर बूट तपासून धुतात, खोटं पकडलं तर दंड. तळाच्या खाचांतली माती काडीने काढा, साबणाने घासा, उन्हात वाळवा. गोठ्यात घातलेले कपडे नेऊच नका. तिकडच्या गुरांत जाण्याआधी आपल्या गुरांपासून किमान ५ दिवस लांब राहिलेलं बरं. न्यूझीलंड याहून कडक, जाहीर न केलेल्या एका सफरचंदालाही ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड जागेवर. सामानात हापूस तर स्वप्नातही नको.

मालवणी_खाजा
आणि सुकट?

गोठ्यातला_इंजिनिअर
जाहीर करा, ते ठरवतील. पण अस्वलांच्या मुलखात सुकट खोलीत ठेवलीत तर रात्री दारावर कोण येईल ते मी सांगायला नको. काही ठिकाणी खाऊ गाडीतसुद्धा ठेवू देत नाहीत.

रेवदंडा_ते_अमेरिका
शाकाहारी असाल तर 'व्हेज मिळेल का' विचारू नका, 'हो' म्हणतात आणि कोशिंबीर देतात. विचारा: बीन्स कशात शिजवता, मांसाच्या चरबीत तर नाही ना? अंडं चालत नाही हे स्वयंपाकघराला कळवाल का? स्वयंपाकाला एकच माणूस असतो, महिनाभर आधी लेखी कळवलं तर करतात. आपला मसाला आणि कुकर न्यायचा तर खोलीत शेगडी आहे का तेही विचारा.

सोलकढी_फॅन
उंची! आपण समुद्रसपाटीची माणसं. डेन्व्हर शहरच १६०९ मीटरवर, म्हणजे जवळपास कळसूबाई. कोलोरॅडोतल्या कितीतरी रांच ८००० फुटांवर, २४०० मीटरच्या वर. थेट गेलात तर पहिल्या रात्री डोकं ठणकतं, झोप लागत नाही. वाटेत एक रात्र डेन्व्हरला काढा, पाणी सतत प्या, पहिल्या दिवशी लांबची फेरी नको. हवा कोरडी, ओठ फुटतात, मुलांच्या नाकातून रक्त येतं. व्हॅसलिन खिशात.

वेंगुर्ल्याची_काजूगर
तिकडे साप? आमच्याकडे फुरसं म्हटलं की पाय आपोआप जपून पडतो.

कातळावरचा_घोडेस्वार
कोरड्या सखल भागात रॅटलस्नेक. शेपटी वाजवतो, पण दर वेळी नाही. फुरशाचाच नियम लावा, दिसत नाही तिथे हात-पाय घालायचा नाही.

गुहागरी_सुपारी
पैशाचं राहिलं. दर माणशी, त्यावर कर, आणि टिप १५ ते २० टक्के वेगळी. मुक्कामाचे ४००० डॉलर होत असतील तर टिपचेच ६०० ते ८००. डिपॉझिट बहुधा परत मिळत नाही, म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत भरू नका. 'काम करा, फुकट राहा' वाल्यांकडे पर्यटक व्हिसावर जाऊ नका, जेवणाखाणाच्या बदल्यात केलेलं कामही कामच धरतात. प्रवासविम्यात घोडेस्वारी वगळलेली असू शकते, बारीक अक्षर वाचा. दवाखाना तासा-दीड तासावर असतो.

भाड्याची गाडी घेताना खडीच्या रस्त्यावर चालते का, करारात बघा, बऱ्याच करारांत मनाई असते. मोबाइलची रेंज जाते, नकाशा आधी उतरवून घ्या, रांचचा लँडलाइन कागदावर लिहा. टाकी निम्मी झाली की भरा, पुढचा पंप ८० किलोमीटरवर असू शकतो.

मालवणी_खाजा
म्हंजे सावंतवाडीसून आंबोलीत जातलंय तेच्या दुपटीपेक्षा जास्त लांब. नि वाटेत भजी खंय नाय.