पाईपमध्ये गुडगुड आणि जिभेला चटका, मदत हवी आहे

घोडबंदर रोडला राहतो, नुकताच पाईप ओढायला घेतलाय. ब्रायर लाकडाचा, वाकडा, बिनफिल्टरचा. चेरीच्या वासाची तंबाखू आहे, पाकिटातून काढतानाच ओली चिकट लागते. अर्ध्यावर गुडगुड सुरू होते आणि जीभ भाजल्यासारखी होते. खाली सैल वर जरा घट्ट असं भरून झालं, झुरके हळू घेतो, मध्येच पाईप क्लीनर फिरवतो, धूर छातीत घेत नाही. तंबाखू पंख्याखाली ठेवून बघितली पण या पावसात काय डोंबल वाळणार. (तब्येतीचं माहितीये, त्यावर लेक्चर नको प्लीज.) दुसरा पाईप आत्ता घ्यायचा नाहीये. तर अशा दमट हवेत तुम्ही तंबाखू कशी वाळवता, आणि पुरेशी वाळली हे हाताला कसं कळतं? की ही वासाचीच सोडून साधी बर्ली (बिनवासाची तंबाखू) घेऊ?