बाहेर बर्फ, घरात कुकीज

बर्फामुळे शनिवार-रविवार घरातच अडकलात, हौसेने नाताळच्या कुकीज केल्यात, पण ट्रेमध्ये त्या पसरून एकमेकींना चिकटल्या, असं तुम्ही लिहिलंय. बहुतेक लोणी फार मऊ झालं असणार. लोणी साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळतं आणि हीटर लावलेल्या स्वयंपाकघरात त्याच्या बरंच आधी ढिलं पडतं. कुकीजच्या पिठाचा गोळा झाकून फ्रिजमध्ये तासभर तरी ठेवा. रात्रभर ठेवलात तर फारच छान! पीठ ओलावा नीट शोषतं, चव मुरते, कुकीज कमी पसरतात. एरवी इतकी वाट बघायला सवड कुठे मिळते? म्हणूनच मला असा वीकेंड मनापासून आवडतो.

पुढची खेप आल्याच्या कुकीजची कराच. सुंठ, दालचिनी, लवंग, थोडं जायफळ आणि काळपट मोलॅसिस, म्हणजे साखर बनवताना उरणारा दाट पाक. मोलॅसिस आम्लधर्मी असतं, त्यामुळे खायचा सोडा त्यात छान काम करतो. १७५ अंशांवर भाजा. वरची साखर तडकून भेगा पडल्या, कडा धरल्या, पण मधला भाग अजून ओलसर दिसतोय, तेव्हाच ट्रे बाहेर काढा. उरलेलं काम गरम ट्रे करतो. डब्यात भरून ठेवल्यात तर दुसऱ्या दिवशी मसाला आणखी खुलतो.

एक मात्र कळकळीने सांगते. वीज गेली तरी घर उबदार ठेवायला गॅसचा ओव्हन लावू नका, त्यातून निघू शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. हीटरचा धूर बाहेर सोडणारा पाइप बर्फाने बुजला नाही ना, तेही बघून घ्या.