मदत हवी आहे: लातूरला सीएचबीवरच (तासिका तत्त्वावरची प्राध्यापकी) थांबू की नोकरीसाठी बाहेर पडू? (भूगोल, सेट + पीएचडी)

नमस्कार मंडळी,
बरेच दिवस लिहू का नको लिहू करत होतो, आज लिहितोच. वय ३६, एमए भूगोल, २०१५ ला सेट (राज्याची प्राध्यापक पात्रता परीक्षा) झालो, २०२१ ला पीएचडी अवॉर्ड झाली. गेली आठ वर्षं लातूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात सीएचबीवर आहे. आठवड्याला नऊ तासिका, दरवर्षी नवीन मुलाखत, नवीन ऑर्डर, आणि उन्हाळ्यात काहीच नाही. मानधन महिन्याच्या महिन्याला येत नाही, बिल सहसंचालक कार्यालयात गेलं की मग कधीतरी चार-पाच महिन्यांचं एकदम जमा होतं, तोवर किराणा दुकानदाराच्या वहीत माझं पान भरलेलं असतं. बायको झेडपी शाळेत शिक्षिका आहे म्हणून घर चाललंय, हे सरळ सांगतो.

शिकवायला मात्र मनापासून आवडतं. मागच्या आठवड्यात प्रॅक्टिकलला ५६ बी ची टोपोशीट (आपल्या भागाचा सर्वेक्षण नकाशा) टेबलावर पसरली तर एका मुलीनं स्वतःचं गाव शोधून त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, सर आमची विहीर पण आहे यात. अशा दिवशी हे सोडून जावंसं वाटत नाही.

आता अडचण कुठं आहे ते सांगतो. आमच्या भागात फुल टाइम जागा निघाली तरी ती आधी कुणासाठी ठरलीय याचीच चर्चा असते. एका संस्थेत मुलाखतीआधीच मला आकडा सांगितला गेला, तो माझ्या वडिलांची सगळी शेती विकून पण झाला नसता. २०२१ मध्ये राज्यात प्राध्यापकांच्या २०८८ जागांना परवानगी मिळाली तेव्हा वाटलं आता नंबर लागतोय, पण माझ्या विषयाची जागा आमच्या जवळपास ज्या कॉलेजात होती तिथं रोस्टरमध्ये (आरक्षणाच्या बिंदुनामावलीत) माझा प्रवर्गच बसला नाही.

म्हणून बाहेरचं बघायला लागलो तर प्रत्येक ठिकाणी वेगळी भिंत. आपली सेट महाराष्ट्र आणि गोव्यापुरतीच चालते, त्यामुळं कर्नाटक तेलंगणात फक्त पीएचडीच्या जोरावर अर्ज करावा लागणार. गोव्यात सेट चालते पण सरकारी कॉलेजच्या जाहिरातीत कोकणी आवश्यक आणि पंधरा वर्षांचा रहिवास मागतात. केंद्रीय विद्यापीठांचं सीयू चयन पोर्टल भरून बघितलं, यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीतल्या शॉर्टलिस्टिंगच्या तक्त्यात अनुभवाला वर्षाला दोन मार्क, कमाल दहा, म्हणजे पहिल्या पाच वर्षांतच ते भरले, पुढची तीन वर्षं मार्कांत धरलीच जात नाहीत. शिवाय विद्यापीठाच्या तक्त्यात नेटला (देशपातळीवरच्या पात्रता परीक्षेला) पाच आणि सेटला तीन. पुण्यातल्या खाजगी विद्यापीठांत इंजिनिअरिंग मॅनेजमेंटच्या जागा दिसतात, भूगोल जवळपास नाहीच, आणि पगार काय विचारलं तर आधी या मग बोलू म्हणतात.

माझे प्रश्न असे आहेत.
गडचिरोली-चंद्रपूर, म्हणजे गोंडवाना विद्यापीठाच्या भागात, अर्ज कमी येतात असं ऐकलंय, तिथं कुणी लागलंय का आणि मराठवाड्यातल्या माणसाला घेतात का?
नोकरी सांभाळून नेट देणं या वयात फायद्याचं आहे का, का तेवढा वेळ एमपीएससीच्या शासकीय कॉलेजांच्या जाहिरातीसाठी द्यावा? तिथली वयोमर्यादा मला आता जवळ आलीये.
जीआयएस (कॉम्प्युटरवरचं नकाशाकाम) शिकून कंपनीत जावं असं मेव्हणा म्हणतो. क्यूजीआयएस हे त्याचं मोफत सॉफ्टवेअर मला येतं, पण रोजच्या कामाचा अनुभव नाही. प्राध्यापकी सोडून या लाइनला गेलेलं कुणी आहे का, सुरुवातीला काय हातात पडतं?
आणि बायकोची झेडपीची नोकरी असताना आंतरजिल्हा बदलीचं कसं जुळवलंत, हे जोडप्यांनी जरूर सांगा, कारण खरा पेच तिथंच आहे, मुलगा दुसरीत आहे आणि आईला डायलिसिसला आठवड्यातून दोनदा लातूरलाच न्यावं लागतं.

अपडेट: प्रतिसाद देणाऱ्या सगळ्यांचे आभार. दोघा-तिघांनी विचारलं म्हणून सांगतो, अनुभवाचं प्रमाणपत्र प्रत्येक वर्षाचं आहे, पण दोन वर्षांच्या ऑर्डरीला विद्यापीठाची मान्यता नाही, प्राचार्य म्हणतात करून घेऊ. ती मान्यता मागच्या तारखेनं मिळवलेलं कुणी असेल तर अर्ज कुणाकडं, काय जोडून दिला ते लिहा प्लीज, मी सोमवारी कॉलेजात जाऊन लगेच विचारतो.