ऑलिव्ह ऑइलच्या ब्रेड डिपमध्ये हर्ब्स काडीसारखे राहतात, लसूण झोंबतो. काय चुकतंय?

कोथिंबीर_जुडी:
रेस्टॉरंटमध्ये ब्रेडबरोबर उथळ बशीत देतात ते ऑलिव्ह ऑइल आणि हर्ब्सचं डिप घरी करायचं आहे. सध्याचं प्रमाण असं: एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह ऑइल अर्धा कप (120 मिली), सुकं ऑरेगानो आणि सुकी बेसिल प्रत्येकी 1 टीस्पून, रोजमेरी, चिली फ्लेक्स आणि मीठ प्रत्येकी अर्धा टीस्पून, लसणाच्या 3 पाकळ्या बारीक चिरून. सगळं ढवळून अर्धा तास मुरत ठेवते. तरी हर्ब्स दाताखाली काड्यांसारखे येतात, लसूण जिभेला झोंबतो, मीठ तळाशी बसतं आणि शेवटचे घास खारट लागतात. गरम तेलात हर्ब्स घातले तर काळपट होऊन कडू लागतात. प्रमाण चुकतंय की पद्धत?

खलबत्ता:
प्रमाण ठीक आहे, लसणाची एक पाकळी कमी करा. चुकतेय ती पद्धत. सुक्या पानातून गेलेलं असतं पाणी. ते परत मिळाल्याशिवाय पान मऊ पडत नाही, मग तेलात अर्धा तास ठेवा नाहीतर दोन दिवस. मिठाचंही तेच. ते तेलात विरघळतच नाही, म्हणून तळाशी जाऊन बसतं.

दक्षिण इटलीत, सिसिली आणि कालाब्रियाकडे, भाजलेल्या माशांवर घालायला साल्मोरिल्यो करतात: ऑलिव्ह ऑइल, लिंबू, लसूण, ऑरेगानो, आणि बरेचजण त्यात थोडं गरम पाणी घालून फेटतात. तीच युक्ती इथे वापरा.

आधी रोजमेरी मिठाबरोबर खलबत्त्यात कुटा. खडेमीठ असेल तर उत्तम, त्याच्या धारेने रोजमेरीची सुईसारखी पानं पटकन तुटतात. नुसती रोजमेरी खलात इकडेतिकडे उडते. मग ऑरेगानो आणि बेसिल तळहातावर चुरडून त्यात टाका, चिली फ्लेक्स घाला आणि वरून 1 टेबलस्पून (15 मिली) कडकडीत पाणी. झाकून दहा मिनिटं. मीठ त्या पाण्यात विरघळतं आणि पानं ते पाणी पिऊन घेतात. रोजमेरीचा एक तुकडा बोटांत धरून वाकवून बघा. कट्कन मोडला तर अजून थांबा, वाकला की झालं. वाटीच्या तळाशी पाणी दिसत असेल तर ते काढून टाकू नका, मीठ त्यातच आहे.

लसणासाठी फोडणीच्या कढल्यात 2 टेबलस्पून तेल आणि लसूण दोन्ही गार असतानाच एकत्र घ्या आणि अगदी मंद आचेवर ठेवा. लसणाच्या कडेने बारीक बुडबुडे यायला लागले की दोन मिनिटांत गॅस बंद. कढलं तापलेलंच असतं, लसूण पुढे आपोआप शिजतो. सोनेरी व्हायची वाट बघितलीत तर खाली उतरेपर्यंत तपकिरी होतो आणि कडू लागतो. आपल्या फोडणीत लसूण लाल करतो तसा इथे करायचा नाही. हे तेल कोमट झालं की भिजलेल्या हर्ब्सवर ओता, उरलेलं तेल कच्चंच घाला आणि काट्याने फेटा. हर्ब्स तापलेल्या तेलात पडतच नाहीत, त्यामुळे काळे पडायचा प्रश्न नाही.

मिक्सर नको. एक्स्ट्रा व्हर्जिन जोरात फिरवलं की बऱ्याचदा कडवटपणा वर येतो.

घाणा_तेल:
बाटली कुठली आहे ते बघा. पोमेस म्हणजे तेल काढून उरलेल्या चोथ्यातून रसायन वापरून काढलेलं आणि मग रिफाइन केलेलं तेल. ‘एक्स्ट्रा लाइट’ हेही मुख्यतः रिफाइन्ड तेलच. तळणीला दोन्ही चालतात, पण डिपमध्ये तेल हाच मुख्य पदार्थ आहे आणि या दोघांना स्वतःची चवच नसते. चांगलं एक्स्ट्रा व्हर्जिन अर्धा चमचा नुसतं प्या. आधी कापलेल्या गवतासारखा किंवा कच्च्या टोमॅटोच्या पानासारखा वास, मग किंचित कडवट, आणि शेवटी घशात बारीकसा ठसका. तो ठसका दोष नाही, ताज्या तेलातल्या ओलिओकँथाल नावाच्या घटकाने तो येतो. जुन्या शेंगदाण्यासारखा वास आला तर तेल खवट झालंय, हर्ब्स घालून ते सुधारणार नाही. गॅसशेजारी, उजेडात पारदर्शक बाटलीत ठेवलं की लवकर खवटतं.

पिझ्झाबरोबर येणाऱ्या ‘ऑरेगानो सिझनिंग’च्या पुड्यांवरचे घटक वाचा. त्यात बहुतेक वेळा मीठ आणि लसणाची पूड आधीच असते. ती वापरत असाल तर वरून मीठ घालू नका.

बाल्सामिक (द्राक्षांच्या रसाचं आंबटगोड व्हिनेगर) घालायचं असेल तर 4 भाग तेलाला 1 भाग, आणि तेही वाढताना. इटलीतल्या मोडेनाचं आयजीपी (युरोपातलं भौगोलिक मानांकन) शिक्क्याचं साधं बाल्सामिक पुरतं. किमान 12 वर्षं मुरवलेलं पारंपरिक ‘त्रादिझ्योनाले’ बाल्सामिक लसणात बुडवायचं नसतं.

कोथिंबीर_जुडी:
पाणी हे डोक्यातच आलं नव्हतं! अजून एक: लसणासकट मोठी बाटली भरून महिनाभर ओट्यावर ठेवली तर चालेल का? लोणचं राहतंच की तेलाखाली.

खलबत्ता:
नाही, आणि इथे अजिबात तडजोड करू नका. लोणचं टिकतं ते मीठ आणि आंबटपणामुळे. तेलाचा थर फक्त हवा अडवतो, म्हणून बुरशी धरत नाही. लसणाच्या तेलात ना पुरेसं मीठ, ना आम्ल. जमिनीतून लसणाबरोबर येणारे क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूचे बीजाणू नेमके हवा नसलेल्या, ओलसर आणि आंबट नसलेल्या जागीच वाढतात. मंद आचेवर गरम केल्याने ते मरत नाहीत, आणि त्यांच्या विषाला ना वास येतो ना चव. 1985 मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये फ्रिजबाहेर ठेवलेल्या तेलातल्या चिरलेल्या लसणामुळे 36 जणांना बोट्युलिझम, म्हणजे याच विषाची जीवघेणी बाधा, झाली होती. अमेरिकेत 1989 पासून अशा विकाऊ लसूण-तेलात आम्ल घालणं बंधनकारक आहे. ताज्या बेसिलची पानंही तेलात अशी साठवू नका.

साठवायचंच असेल तर फक्त सुकं मिश्रण बरणीत भरा. ऑरेगानो, बेसिल 2-2 टेबलस्पून, कुटलेली रोजमेरी आणि चिली फ्लेक्स 1-1 टेबलस्पून. मीठ यात घालू नका, ते तळाशी जातं आणि प्रत्येक वेळी प्रमाण बदलतं. अर्धा कप तेलाला तीन टीस्पून घ्यायचं. पाणी, मीठ, लसूण ऐनवेळी.

बेकरीवाला_नाका:
ब्रेडबद्दल कोणीच बोललं नाही. मऊ स्लाइस तेल पिऊन लगदा होतो. मोठ्या जाळीचा, कडक कवचाचा हवा. चाबात्ता हा इटालियन पाव मिळाला तर उत्तम, नाहीतर आपला ब्रून पाव आडवा कापून तव्यावर कापलेली बाजू भाजून घ्या. फोकाच्चा (तेल लावून भाजलेला चपटा इटालियन पाव) घेतलात तर डिपमधलं मीठ निम्मं करा, तो मुळात खारट आणि तेलकट असतो.

लसूण तेलात नकोच असेल तर इटलीतल्या तोस्काना (टस्कनी) भागातल्या फेत्तुंतासारखं करा. भाजलेल्या गरम पावावर सोललेली पाकळी घासायची, कडक पृष्ठभागावर ती किसणीवर किसावी तशी झिजते. मग तेल, मग मीठ. तिथे ऑलिव्हच्या हंगामात नव्या तेलाची चव बघायला हेच खातात, हर्ब्स काहीच नाहीत. हर्ब्सची ती बशी मुख्यतः अमेरिकेतल्या इटालियन रेस्टॉरंटांनी रूढ केली.

कोथिंबीर_जुडी:
कळलं. उरलेलं डिप मग किती दिवस?

खलबत्ता:
करून झाल्यावर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि जास्तीत जास्त चार दिवस. लगेच लागणार नसेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. फ्रिजमध्ये तेल थिजून पांढरट दाणे दिसतील, ते खराब झाल्याचं लक्षण नाही. बाहेर काढून वीसेक मिनिटांनी पुन्हा वितळतं. तेवढंच काढा, बाटली सारखी आतबाहेर करू नका.